स्वस्त आणि महाग बेसचा टोन: आधी तारा बदलून ऐका

इथे एकाने तुलना करून लिहिलंय की स्वस्त बेस गिटारचा आवाज पोकळ आणि महागड्याचा भरीव, ते थोडंफार पटतं मला, पण तुलना करताना दोन्हींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा होत्या का? कारण तारांनी जेवढा फरक पडतो ना तेवढा लाकडाने नाही पडत, हे मी स्वतः अनुभवलंय. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचंच बघा, १९६२ चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आणि त्यावर वर्षानुवर्षं न बदललेल्या जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारा, त्याच बेसवर नव्या राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या, खरखरीत) लावल्या असत्या तर तो गोल दबका आवाज आलाच नसता.

दुसरं म्हणजे पिकअपची, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकाच्या भागाची, उंची. स्वस्त बेस बरेचदा नीट सेटअप न करताच येतो, पिकअप तारांच्या फार जवळ असला की चुंबक तार ओढतो, सूर हलतो आणि सस्टेन (सूर टिकणं) मरतो, पिकअपचे स्क्रू थोडे फिरवून बघा, फुकटचं काम आहे.

खरा फरक मला पाच तारांच्या बेसवर जाणवतो. खालचा बी, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा सूर, जेमतेम ३१ हर्ट्झ, ३४ इंची स्केलवर (तारेची कंप पावणारी लांबी) नेक (बेसची मान) आणि ब्रिज (तारा अडकवायचा खालचा भाग) पक्के नसतील तर तो नुसता घरघरतो, सूर कळतच नाही, तिथे मात्र चांगल्या बेसला पैसे मोजावेत. चार तारांचाच हवा असेल तर आधी स्वस्तातला घ्या, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) लेव्हल करून घ्या, पिकअप नंतर बदलता येतो.