मदत हवी आहे: वायरलेस स्प्लिट (दोन सुट्या भागांचा) कीबोर्ड, उजवा भाग जोडला जात नाही आणि इनस्क्रिप्ट या देवनागरी लेआउटचा ‘ड’ कुठे बसवू?

नमस्कार मंडळी,
४२ कळांचा कॉर्ने हा स्प्लिट कीबोर्ड स्वतः बांधला आहे. दोन्हीकडे नाइस नॅनो व्ही२ हा ब्लूटूथवाला कंट्रोलर बोर्ड, प्रत्येकी ११० एमएएचची ३०१२३० लिपो बॅटरी, फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) झेडएमके. डाव्या भागावर छोटा ओलेड स्क्रीन आहे. तीन अडचणी आहेत:

१) कीमॅप (कोणती कळ काय करते ती यादी) बदलून डावीकडे नवं फर्मवेअर चढवलं, मग सेटिंग्ज रीसेटही फक्त डावीकडेच केलं. तेव्हापासून उजवा भाग जोडला जात नाही. यूएसबीने थेट संगणकाला लावला तरी एक अक्षर उमटत नाही. बोर्ड जळला का?
२) मराठी इनस्क्रिप्टमध्ये लिहितो. ड, ॉ आणि ृ या कळा नेहमीच्या कीबोर्डवर ‘पी’च्या उजवीकडे किंवा आकड्यांच्या रांगेत असतात. इथे त्यांना जागाच नाही.
३) डावी बॅटरी उजवीपेक्षा बरीच लवकर उतरते.

प्रतिसाद १
बोर्ड जळलेला नाही. उजवा भाग दुय्यम आहे. तो आपल्या कळा ब्लूटूथने डाव्याकडे पाठवतो, डावा त्या संगणकाला देतो. उजव्याला यूएसबी लावली की फक्त चार्जिंग होतं, त्यामुळे अक्षर न उमटणं बरोबरच आहे.

दोन्ही भाग एकमेकांची ओळख आपापल्या मेमरीत ठेवतात. नुसतं फर्मवेअर बदलल्याने ती पुसत नाही, सेटिंग्ज रीसेटने पुसते. तुम्ही एकाच बाजूची पुसली, म्हणून उजवा अजून जुनीच ओळख धरून बसलाय. रीसेटचं बटण झटपट दोनदा दाबा, संगणकावर ड्राइव्ह दिसेल, त्यात सेटिंग्ज रीसेटची यूएफटू (फर्मवेअरची) फाइल टाका. हे दोन्ही भागांवर करा. मग डाव्याची फाइल डाव्यात, उजव्याची उजव्यात. शेवटी दोन्हींचं रीसेट साधारण एकाच वेळी एकदा दाबा. संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून जुना कीबोर्ड काढून टाका आणि नव्याने जोडा, नाहीतर तिथेही हेच भांडण होईल.

प्रतिसाद २
‘ड’बद्दल. कीबोर्ड देवनागरी पाठवत नाही, इंग्रजी कळांचे कोड पाठवतो. अक्षर संगणकातला इनस्क्रिप्ट लेआउट ठरवतो. म्हणजे तुम्हाला डावा चौकोनी कंस (ड), उलटी तिरकी रेघ (ॉ) आणि बरोबरचं चिन्ह (ृ) यांच्यासाठी जागा हवी.

‘ड’साठी कॉम्बो (दोन कळा एकत्र दाबून तिसरी मिळवणं) करू नका, ते सतत लागणारं अक्षर आहे. बॅकस्पेस अंगठ्याकडे न्या आणि ‘पी’च्या उजवीकडची कळ कंसाला द्या. ड तिथे ज च्या शेजारी, म्हणजे आपल्या मूळ जागी येतो. शिफ्टसह ढ आपोआप मिळतो. ट ची कळ सहाव्या स्तंभात आधीच आहे. म्हणून इनस्क्रिप्टवाल्यांनी हा स्तंभ नसलेल्या ३६ कळांच्या कीबोर्डच्या मोहात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

ॉ आणि ृ कमी लागतात, त्यांना कॉम्बो चालेल. ॉ साठी ‘आय’ आणि ‘ओ’ एकत्र, म्हणजे ग आणि द. कॉर्नेत स्थानं ८ आणि ९ (शून्यापासून मोजून). दोन्ही कळा किती वेळात दाबल्या तर कॉम्बो धरायचा, ती डीफॉल्ट वेळ ५० मिलिसेकंद आहे, ती ३० करा, नाहीतर भरभर ‘जगदीश’ लिहिताना मध्येच ॉ उमटेल.

होम रो मॉड्स (मधल्या रांगेतली कळ धरून ठेवली की ती शिफ्ट, कंट्रोलचं काम करते) वापरत असाल तर ‘डी’ कळ मोकळी ठेवा. तिथे पाय मोडण्याचं चिन्ह आहे. प्रत्येक जोडाक्षराला लागणाऱ्या कळेवर असं दुहेरी काम ठेवलं, तर ‘विद्यार्थ्यांच्या’सारखा शब्द लिहिताना मध्येच कंट्रोल-शिफ्ट लागतं.

प्रतिसाद १
बॅटरीचं थोडक्यात. डावा भाग संगणक आणि उजवा, दोघांशी जोडलेला असतो, त्यामुळे तो जास्त खातोच. त्यात ओलेड सगळ्यात खादाड; तो बंद करून बघा. झेडएमकेच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्लीप चालू करा, डीफॉल्टने १५ मिनिटांनी झोपतो. बॅटरीचा स्विच बंद असताना चार्जिंग होत नाही, हेही तपासा. बोर्डावरचा चार्जिंगचा करंट वाढवणारा जंपर (डाखून जोडायचे दोन बिंदू) मात्र जोडू नका. मूळचा १०० मिलिअँपिअर करंट ११० एमएएचला पुरेसा आहे, ५०० तिला झेपणार नाही. बॅटरी बदललीत तर डाखण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण बघा, तारांच्या रंगावर विसंबू नका.

धागाकर्ता
दोन्हीकडे रीसेट केल्यावर उजवा लगेच जोडला गेला. बॅकस्पेस अंगठ्याकडे नेलाय, ड-ढ दोन्ही येतात. ृ साठी ‘यू’ आणि ‘आय’ घेतो. ह आणि ग लागोपाठ येणारे शब्द कमीच आहेत, पण कुणाला याहून चांगली जोडी माहीत असेल तर सांगा.