मॉरिशसची निवडणूक : तुम्ही काय पाहिलंत? (अनुभव धागा)

10 नोव्हेंबर 2024ला मॉरिशसने नवी संसद निवडली. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा नवीनचंद्र रामगुलाम आणि पॉल बेरांजे यांच्या आघाडीला गेल्या, पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांचं सरकार पडलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे लिहायचं ते त्या दिवसांत आपण काय पाहिलं, मनात काय आलं. तिथेच जन्मलेल्यांनी लिहा, नोकरीसाठी गेलेल्यांनीही लिहा.

एबेनमध्ये नोकरी, मूळचा पुण्याचा

राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक दोन वर्षं इथे राहिला की मतदार यादीत नाव नोंदवू शकतो. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही मी रांगेत उभा होतो, आणि या देशाने एवढा विश्वास टाकला याचं मला खरंच अप्रूप वाटलं. मतदारसंघातून तिघं निवडायचे. प्रत्येकाने तीन फुल्या मारायच्याच, दोनच मारल्या तर मतपत्रिका बाद. आपल्याकडे महापालिकेच्या प्रभागातही एकाहून जास्त मतं देतो, पण तिथे प्रत्येक जागा वेगळी असते. इथे एकाच कागदावर सगळे. शेजारच्या काकू आठवडाभर विचारत होत्या, ‘ब्लॉक’ देणार ना? म्हणजे तिन्ही मतं एकाच आघाडीला. मी दोन इकडे, एक तिकडे दिलं. माणूस चांगला होता.

क्युरपीपहून

आमच्याकडे निवडणूक फोनने फिरवली. पत्रकार, वकील, राजकारणी, पोलीस यांच्या फोनवरच्या बोलण्याच्या, चोरून घेतलेल्या ध्वनिफिती ‘मिस्सी मूस्तास’ या खात्यावरून रोज बाहेर पडत होत्या. ऐन दिवाळीच्या दिवसांत, 1 नोव्हेंबरला, बातमी आली की मतदान होईपर्यंत समाजमाध्यमं बंद. दुसऱ्याच दिवशी बंदी उठली, पण तोवर लोकांचं ठरलं होतं. माझ्या घरात नारिंगी झेंडेवाले (जगन्नाथ यांचे) आणि लाल झेंडेवाले (रामगुलाम यांचे) वर्षानुवर्षं भांडत आले. त्या सकाळी पहिल्यांदा दोघंही एकाच गोष्टीवर चिडलेले पाहिले.

कास्कावेलजवळून, मराठीची शिक्षिका

आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते, आणि याचा मला अभिमान आहे. पण निवडणूक आली की आमची मोजदाद सुरू होते. आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे समाजाच्या संस्थेच्या, सभागृहात दोन्ही बाजूंचे लोक येऊन गेले, दोघांनीही ‘तुमच्या समाजाला स्थान’ एवढंच सांगितलं. मला शाळेतल्या मराठीच्या तासांबद्दल विचारायचं होतं. त्यावर कोणी बोललं नाही.

मोजदाद कशासाठी, तर ‘बेस्ट लूझर’साठी. 62 जण (मुख्य बेटावरचे साठ आणि रॉड्रिग्ज बेटावरचे दोन) मतांनी निवडून येतात, मग हरलेल्यांतून जास्तीत जास्त आठ जणांना समाजाचा तोल सांभाळण्यासाठी घेतात. राज्यघटनेत चारच समाज आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. आम्ही मराठी, शेजारचे तमिळ, तेलुगू सगळे हिंदूंत. हिशेब अजून 1972च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच थांबलं. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबापही तेव्हा जन्मले नव्हते!

आबा मात्र ही पद्धत मोडायला तयार नसत. 1967च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला पडली होती. पुढच्या जानेवारीत राजधानी पोर्ट लुईत दंगली पेटल्या, आणि मार्चमध्ये स्वातंत्र्य आलं. अल्पसंख्याकांना संसदेत आपला माणूस दिसला म्हणून देश टिकला, असं ते म्हणायचे. ती भीती खरी होती, हे मी मानते. 2014ला एकदा कायद्यात बदल करून उमेदवाराला समाज न सांगताही उभं राहू दिलं. तीच वाट कायम हवी होती.

या वेळी गंमत बघा, मुख्य बेटावर विरोधकांचा एकही निवडून आला नाही. विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार ‘बेस्ट लूझर’ म्हणूनच आत आले. हरलेल्यांना जागा द्यावी, अवश्य द्यावी. त्यांच्या मतांवरून द्यावी, जन्मावरून नको. माझं ठाम मत आहे.

रोझ हिल

मतदान रविवारी, मोजणी सोमवारी, सगळी हाताने. आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर उभे. बेरांजे यांचा हा मतदारसंघ, त्यामुळे जांभळे झेंडे जास्त. मोजणी संपायच्या आधीच जगन्नाथ यांनी हार मान्य केली आणि रस्त्यावर ढोल सुरू झाले. सासरे मात्र नाचले नाहीत. 1982लाही असेच 60-0 झाले होते. ती आघाडी वर्षभरही टिकली नाही, 1983ला पुन्हा मतदान घ्यावं लागलं. 1995ला पुन्हा 60-0. एवढं बहुमत हाती आल्यावर जाब कोण विचारणार, हा त्यांचा प्रश्न मलाही पटतो. 1982 किंवा 1995ची मोजणी पाहिलेलं कोणी इथे असेल तर जरूर लिहा, त्या वेळी फाटकाबाहेर लोक काय बोलत होते?