स्पॅनिशचे दोन भूतकाळ : ‘राहत होतो’साठी कोणते रूप?

प्रश्न : मी स्पॅनिशच्या ए२ (प्राथमिक) पातळीचा अभ्यास करत आहे. एकदाच घडलेल्या घटनेसाठी इन्देफिनीदो हा भूतकाळ आणि सवयीसाठी किंवा दीर्घकाळ चाललेल्या गोष्टीसाठी इम्पेर्फेक्तो हा भूतकाळ, असा नियम मी शिकलो. मग ‘मी माद्रिदमध्ये पाच वर्षे राहत होतो’ याचे भाषांतर पुस्तकात ‘बिबी सिंको आन्योस एन माद्रिद’ असे का दिले आहे? पाच वर्षांचा काळ दीर्घच नाही का?

प्रतिसाद : काळाची लांबी येथे गौण आहे. बोलणारा त्या काळाकडे संपलेली, पूर्ण गोष्ट म्हणून पाहतो, की ती चालू असतानाच्या स्थितीत शिरून दुसरे काही सांगतो, यावर रूप ठरते. ‘पाच वर्षे’ म्हणताच राहण्याला सुरुवात आणि शेवट मिळतो, म्हणून ‘बिबी’ हे इन्देफिनीदोचे रूप. याउलट ‘मी माद्रिदमध्ये राहत होतो तेव्हा मारियाशी ओळख झाली’ यात राहणे ही केवळ पार्श्वभूमी आहे, म्हणून इम्पेर्फेक्तोचे ‘बिबीआ’ : ‘कुआन्दो बिबीआ एन माद्रिद, कोनोसी आ मारिया’. मराठीत ‘राहत होतो’ दोन्हीकडे चालते आणि नेमकी तेथेच आपली गफलत होते. एरवी मराठीची मदतच होते. ‘मला माहीत होते’ म्हणजे ‘साबीआ’ (इम्पेर्फेक्तो), ‘मला कळले’ म्हणजे ‘सुपे’ (इन्देफिनीदो). स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच, पण आपल्याला हा भेद आधीपासून अवगत आहे.

प्रतिसाद : वरील विवेचनाशी सहमत आहे. रूपांविषयी थोडी भर घालतो. इम्पेर्फेक्तोमध्ये सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे) ही तीनच क्रियापदे अनियमित आहेत. खरी मेहनत इन्देफिनीदोवर घ्यावी लागते. तेथे सेर आणि इर यांची रूपे तंतोतंत सारखी (फुई, फुइस्ते, फुए) असल्याने अर्थ संदर्भावरूनच लावावा लागतो. शिवाय ‘हुआनने सफरचंदे खाल्ली’ यात मराठी क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तर स्पॅनिशमध्ये ते कर्त्याप्रमाणेच चालते. सफरचंदे कितीही असली तरी हुआन एकटा आहे, म्हणून एकवचनी ‘कोमिओ’, अनेकवचनी ‘कोमिएरोन’ नव्हे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. वाक्यात ‘रोज’ असेल, तर मात्र इम्पेर्फेक्तोच ना?

प्रतिसाद : बहुधा होय, पण नेहमीच नाही. ‘त्या आठवड्यात मी रोज ग्रंथालयात गेलो’ असा संपलेल्या आठवड्याचा हिशेब द्यायचा असेल, तर इन्देफिनीदोचे ‘फुई’ अगदी योग्य आहे. ‘लहानपणी रोज जायचो’ असे म्हणायचे असेल, तर इम्पेर्फेक्तोचे ‘इबा’.