मदत हवी आहे : प्राचीन इजिप्तच्या साहित्याची वर्गवारी कशी करू?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर प्राचीन इजिप्तच्या साहित्यावर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पिरॅमिडमधले मंत्र वगैरे बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात, ते मी बाजूला ठेवतेय. घोडं अडलंय ते बाकीच्या साहित्यावर.

‘सिनुहेची कथा’च घ्या. इ.स.पू. १९०० च्या आसपासची. सुरुवात थडग्यातल्या आत्मचरित्रासारखी, मग परदेशात पलायन, मध्येच राजा सेनुस्रेत पहिला याचं स्तोत्र, एक द्वंद्वयुद्ध आणि वर राजाचं अख्खं पत्र! हिला कुठल्या खणात टाकू?

दुसरं खेती नावाच्या एका बापाने मुलाला केलेल्या उपदेशाचं. मुलाला लेखनिकांच्या शाळेत घालायला निघालेला हा बाप वाटेत सगळ्या धंद्यांची रेवडी उडवतो. तांबटाची बोटं म्हणे मगरीसारखी, अंगाला माशाच्या अंड्यांहून जास्त घाण. धोबी मगरीच्या शेजारी कपडे धुतो. अभ्यासक याला प्ताहहोतेप या इजिप्तच्या वजिराच्या गंभीर उपदेशाच्या पंगतीत बसवतात. मला तर हा चक्क वात्रटपणा वाटतो.

प्रेमगीतं त्या मानाने सरळ. फक्त त्यांत प्रेमिक एकमेकांना ‘भाऊ’, ‘बहीण’ म्हणतात, तेव्हा कट्ट्यावर हशा पिकणार हे नक्की.

तर प्रश्न असा : उपदेश, कथा, गीतं असे प्रकार पाडून बोलू, की एकटी सिनुहेची कथा घेऊन तिच्यातूनच सगळे प्रकार दाखवू? वेळ जेमतेम अर्धा तास. मूळ संहितांचे चांगले, टीपांसह इंग्रजी अनुवाद कुणी वाचले असतील तर तेही सुचवा. मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं.