गटात व्यायाम करताना तुम्हाला उभारी कशाने मिळाली?

एकटीने व्यायाम सुरू करून मी तो तीनदा सोडला, तिन्ही वेळा पहिल्याच महिन्यात. आता दोन वर्षं सकाळच्या बॅचला जातेय आणि खाडे बोटांवर मोजण्याइतके आहेत. माझा निश्चय काही वाढलेला नाही. फरक एवढाच, की मी नसले तर शेजारच्या मॅटवरच्या बाईंना ती जागा रिकामी दिसते आणि दुपारपर्यंत त्यांचा "बरी आहेस ना?" असा निरोप येतो. तुमचेही अनुभव लिहा. कडू असतील तर तेही.

*

आमच्याकडे आठवड्यातून एकदा तबाता असतो. 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. सगळा खेळ 4 मिनिटांचा, पण घरी मी पाचव्या फेरीला हमखास बसायचो. गटात शेवटचे पाच आकडे सगळे मिळून ओरडतात. एकदा सातव्या फेरीत माझ्या बाजूच्या काकूंचा श्वास इतका चढला होता की आवाजच फुटेना. प्लँकमध्येच, म्हणजे हात आणि चवड्यांवर अंग ताठ तोलून धरलेलं असतानाच, त्यांनी एका हाताची बोटं जमिनीवर आपटून आकडे मोजले. टक, टक, टक. त्या टकटकीवर मी आठवी फेरी पुरी केली. घामाने मॅटवरून हात सरकत होते, तरी इतकी मजा मला व्यायामात कधीच आली नव्हती.

*

माझा पहिला अनुभव वाईट आहे. तिथे दर आठवड्याला प्रत्येकाचं वजन फळ्यावर लिहायचे. माझा आकडा हलला नाही की ट्रेनर सगळ्यांसमोर कारण विचारायचे. मी सोडलं, आणि नंतर दीड वर्ष कुठल्याच गटाकडे फिरकले नाही. आताच्या बॅचमध्येही फळा आहे, पण त्यावर फक्त हजेरीच्या खुणा असतात. गट कुठला निवडायचा हे मी आता तेवढ्यावरून ठरवते.

*

मी स्वतः बॅच घेतो, म्हणून जोड्यांबद्दल लिहितो. साधारण शंभर वर्षांपूर्वी ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नौका वल्हवणाऱ्यांवर प्रयोग केले होते. जोडीने वजन उचलताना त्यातला कमी ताकदीचा माणूस एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकायचा. पण दोघांच्या ताकदीत फार अंतर असेल किंवा अजिबात नसेल, तर हा परिणाम उतरायचा. मला हे रोज दिसतं. नवख्याला सगळ्यात तगड्या माणसाशी जोडलं की तो दहा मिनिटांत मान खाली घालतो. दोन महिने आधी आलेल्याशी जोडलं तर "एवढं तर मलाही जमेल" हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. वॉर्मअपमध्ये मी जोड्यांना आपसात बोलायला लावतो. गप्पा रंगतात हे आहेच, शिवाय धड वाक्य बोलता येईना झालं, की त्या माणसाचा वेग कमी करायचा हे मला लांबूनही कळतं.

*

पहिल्या स्क्वॉट्सनंतर दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उलटा, कठडा धरून उतरले. काहीतरी फाटलं असणार अशी खात्रीच झाली. गटावर लिहिलं, तर पाच जणींची उत्तरं आली: सवय नसलेल्या व्यायामानंतर 24 ते 72 तासांत दुखणं चढतं, मग उतरतं, हलकं चाल. एकीने कठडा धरलेला स्वतःचा जुना फोटो पाठवला. चौथ्या दिवशी मी परत गेले.

*

आमचा धावण्याचा गट आहे. पार्करन हा बागेत सगळ्यांनी मिळून धावण्या-चालण्याचा उपक्रम 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कात सुरू झाला. त्यांच्या 5 किलोमीटरमध्ये एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यात शेवटी चालतो, म्हणजे दुसरं कुणी शेवटचं येत नाही. आम्ही ही पद्धत उचलली. पहिले चार महिने तो माणूस माझ्याबरोबरच चालायचा, म्हणून शेवटची पाळी आता मी मागून घेते. परवा एक नवी मुलगी दर थोड्या अंतराने "ताई, तुम्ही पुढे व्हा ना" म्हणत होती. तिला थांबायचं होतं, पण माझ्यासमोर थांबवत नव्हतं. मी बुटाची नाडी सोडली आणि बांधायला खाली बसले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, चार मोठे श्वास घेतले, आणि मग तीच म्हणाली, "झाली का बांधून? चला."