हान सोलोने आधी गोळी झाडली होती, आणि ते पुसायचा हक्क लुकासलाही नव्हता

रीळवेडा

स्टार वॉर्सच्या पहिल्या चित्रपटात मॉस आयझ्लीच्या गुत्त्यातला प्रसंग आहे. पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हान सोलो हा तस्कर टेबलाशी बसलाय आणि समोर ग्रीडो नावाचा हिरवा सुपारीबाज पिस्तूल रोखून बडबडतोय. हानचा एक हात वर भिंतीशी चाळा करतोय, म्हणजे ग्रीडोची नजर तिकडेच राहावी. दुसरा हात टेबलाखाली सावकाश पिस्तुलाकडे सरकतोय. ठो! धूर, आणि ग्रीडो टेबलावर आडवा. हान उठतो, गुत्तेवाल्याकडे नाणं फेकतो, झालेल्या पसाऱ्याबद्दल सॉरी म्हणतो आणि चालू लागतो. हा माणूस कोण आहे हे कळायला आणखी काही लागतच नाही.

२५ मे १९७७ ला चित्रपट आला तेव्हा हे असंच होतं. १९९७ च्या स्पेशल एडिशनमध्ये, म्हणजे बदल करून पुन्हा थिएटरात लावलेल्या प्रतीत, लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकासने ग्रीडोला आधी गोळी झाडायला लावली. टेबलाच्या पलीकडून, हातभर अंतरावरून, आणि तीही चुकते! २००४ च्या डीव्हीडीत दोघं जवळजवळ एकदमच झाडतात. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आला तर ग्रीडो मरायच्या आधी 'मॅक्लंकी' असं काहीतरी ओरडतो. दोन-चार सेकंदांच्या प्रसंगाला चार अवतार झाले.

लुकासचं म्हणणं असं की हान पुढे नायिका लेयाशी लग्न करणार, मग तो थंड डोक्याचा खुनी कसा चालेल? त्याच्या डोळ्यांसमोर काउबॉयपटांचा नायक जॉन वेन होता. अहो, पण स्वतःचं कातडं सोडून कुणाची पर्वा नसलेला माणूस शेवटी परत फिरून नायक ल्यूकचा जीव वाचवतो, यातच तर त्याची सगळी गोष्ट आहे. पहिल्यापासूनच सज्जन असेल तर परत येण्याचं कौतुक काय?

माझी मागणी साधी आहे. नवी आवृत्ती ठेवा, विका, आरती ओवाळा. जुनीही चांगल्या प्रतीत ठेवा. २००६ मध्ये ती डीव्हीडीच्या जोड-तबकडीवर दिली, पण १९९३ च्या लेसरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) केलेल्या मास्टर प्रतीवरून उचललेली. रुंद टीव्हीवर चारी बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. त्यानंतर घरी बघण्यासाठी अधिकृत असं काही आलेलं नाही.

आणि याच लुकासने मार्च १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली होती. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याचं फॅड होतं तेव्हा. नफ्यासाठी किंवा सत्ता गाजवायला कलाकृती बदलणारे लोक रानटी आहेत, असं तो तिथे म्हणाला. आपल्याच भाषणाची एक प्रत त्याने एडिटिंग टेबलावर ठेवायला हवी होती.

तिरकस_तात्या

जोरदार असहमत.

त्या साक्षीत राग होता तो दुसऱ्याच्या चित्रपटात हात घालणाऱ्या मालकांवर. इथे लिहिणारा तोच, दिग्दर्शक तोच, पुढच्या भागांसाठी स्वतःचा पैसा ओतणाराही तोच. बापाने पोराचं नाव बदललं तर शेजाऱ्यांनी कोर्टात जायचं का?

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' १९१७ मध्ये पुन्हा केलाच ना? 'ब्लेड रनर'चं काय? १९८२ ला स्टुडिओने त्यात निवेदन कोंबलं, गोडमिट्ट शेवट चिकटवला. १९९२ मध्ये तो काढला आणि २००७ मध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉटने पुन्हा हात फिरवला. तेव्हा चाहते टाळ्या पिटत होते. तिथे कुणी 'मूळ आवृत्ती, मूळ आवृत्ती' म्हणून गळा काढला नाही. आवडला तर दिग्दर्शकाचा हक्क आणि नावडला तर वारशावर दरोडा, असं कसं?

तुम्ही ज्याला 'पहिला' म्हणताय त्याच्या सुरुवातीच्या मजकुरात 'एपिसोड ४' हे १९८१ मध्ये घातलं. त्याचंही सुतक पाळायचं का?

कोपऱ्यातली_सीट

तात्या, ब्लेड रनरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. २००७ च्या त्या मोठ्या संचात १९८२ च्या आवृत्तीसकट पाचही आवृत्त्या होत्या. लोकांनी गळा काढला नाही कारण काही हिरावून घेतलंच नव्हतं. स्पीलबर्गने २००२ मध्ये ई.टी.मधल्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दिले, पण पुढे ते केल्याचा पस्तावा त्याने उघड बोलून दाखवला आणि २०१२ च्या ब्लू-रेत बंदुका परत आल्या.

'एपिसोड ४'चं सुतक मीही पाळणार नाही. पण त्या दोन शब्दांनी हानचा स्वभाव बदलत नाही.

खारी_बिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चाहत्यांच्या नावडत्या जार-जार बिंक्सवर कधी येताय?

मनवा_डोंबिवली

मला या 'मूळ, मूळ'चा कंटाळा आलाय, खरं सांगते. आमच्याकडे केबल आणि भाड्याच्या व्हीसीडी होत्या. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गोदीत गुंडांचा म्होरक्या जब्बा होता, ग्रीडोने आधी झाडली होती, आणि तिसऱ्या चित्रपटाच्या, 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी सगळ्या ग्रहांवर गर्दी नाचत होती. माझं लहानपण म्हणजे तो चित्रपट. नंतर कॉलेजात एक सीनियर भेटला आणि म्हणाला, तू पाहिलास तो खरा नव्हेच.

रीळवेडा, भारतातल्या आमच्या वयाच्या बऱ्याच जणांनी १९७७ ची आवृत्ती पाहिलेलीच नाही. अमेरिकेतल्या पन्नाशी-साठीतल्या पुरुषांचा नॉस्टॅल्जिया आपण उसना घेतलाय. त्यांच्या आठवणीला वारसा म्हणायचं आणि माझ्या आठवणीला बिघाड, हे कुठलं गणित?

एडिसनकर

मनवाताईंना अर्धं अनुमोदन. १९९७ च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीत थिएटरात जाऊन स्पेशल एडिशन पाहिली, बर्फातून रांग लावून. सगळंच वाईट नव्हतं हो. आधीच्या प्रतींत अंतराळयानांभोवती फिकट चौकोन दिसायचे, ते पुसले. ल्यूकच्या तरंगत्या गाडीची चाकं लपवायला लेन्सवर व्हॅसलीन फासलं होतं, तो खालचा फराटा साफ केला. दुसऱ्या चित्रपटातल्या, ढगांवरच्या क्लाउड सिटीला खिडक्या आल्या. हे मला मान्य.

पण मनवाताई, तुमचा तो गोदीतला जब्बा एकदा निरखून बघाच. १९७६ मध्ये तो प्रसंग केसाळ कोट घातलेल्या एका नटासोबत चित्रित झाला आणि कापला गेला. हॅरिसन फोर्ड बोलता बोलता त्या नटाच्या मागून वळसा घालून जातो. पुढे जब्बा ठरला लांब शेपटीची गोगलगाय. आता शेपटीतून माणूस आरपार कसा जाणार? म्हणून संगणकाने फोर्डला अख्खा वर उचलला, शेपटीवरून चालवला आणि पलीकडे उतरवला. लिफ्टमधून उतरल्यासारखा दिसतो बिचारा. शिवाय त्या प्रसंगात ग्रीडोने आधीच सांगितलेलंच सगळं पुन्हा ऐकायला मिळतं. कापला होता तो उगाच नाही.

रीळवेडा

@तात्या, 'लिहिणारा तोच, दिग्दर्शक तोच' हे फक्त १९७७ च्या चित्रपटापुरतं. 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' अर्विन कर्शनरचा, 'जेडाय' रिचर्ड मार्क्वंडचा. मार्क्वंड १९८७ मध्ये गेला. दहा वर्षांनी त्याच्या चित्रपटातलं शेवटचं गाणं काढून दुसरं संगीत घातलं, तेव्हा त्याला कोण विचारणार होतं? मुखवटा उतरल्यावरचा खलनायक व्हेडर, म्हणजे मूळचा अॅनाकिन, सेबॅस्टियन शॉने केला. तो १९९४ मध्ये गेला. २००४ च्या डीव्हीडीत शेवटच्या दृश्यातून त्याचं भूत काढून तिथे नंतरच्या चित्रपटांतला तरुण अॅनाकिन, हेडन क्रिस्टेन्सन उभा केला. मेलेल्या नटाला भूत म्हणूनही राहू दिलं नाही!

आणि पहिल्या चित्रपटाचं म्हणाल तर संकलनाचं ऑस्कर मार्शिया लुकास, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू यांना मिळालं. दृश्य करामतींचं जॉन डायक्स्ट्रा आणि मंडळींना. व्हॅन नाइझच्या गोदामात लहान मॉडेल्सभोवती कॅमेरा फिरवत त्यांनी जी लढाई उभी केली, त्यातलेच काही शॉट्स काढून १९९७ मध्ये संगणकावरचे घातले. ज्या कामाला ऑस्कर, तेच काम नव्या प्रतीतून गायब.

@मनवा, तुमच्या आठवणीला बिघाड कोण म्हणतंय? तुमची आवृत्ती कधीच दुर्मीळ झाली नाही, एवढाच फरक.

तिरकस_तात्या

बरं, मग शोलेचं बोला. १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. ठाकूर गब्बरला ठार मारतो, तो रमेश सिप्पींनी चित्रित केलेला शेवट गेला आणि ऐन वेळी पोलीस आले. पन्नास वर्षं देशाने पोलीसवालाच शेवट पाहिला. २०२५ मध्ये जुना शेवट जोडून दुरुस्त केलेली प्रत आधी इटलीत बोलोन्याला दाखवली, मग डिसेंबरात आपल्याकडे आली. सगळे म्हणाले, वा, खरा शोले मिळाला!

आता सांगा मूळ कुठला? दिग्दर्शकाच्या मनातला की प्रेक्षकांनी पाहिलेला? शोलेच्या वेळी तुम्ही दिग्दर्शकाच्या बाजूला, स्टार वॉर्सच्या वेळी प्रेक्षकांच्या. रीळवेडा, एका होडीत पाय ठेवा की.

रीळवेडा

पाय एकाच होडीत आहे. सिप्पींचा शेवट आला, आनंद आहे. उद्या कुणी पोलिसांचा शेवट सगळीकडून उचलून नेला, तर मी याच धाग्यावर बोंब मारीन. आणीबाणीत सेन्सॉरने काय केलं याचा तो पुरावा आहे. वाईट असेल, पण झालेला आहे.

आणि शोलेत १९७५ साली ठरलेली गोष्ट परत आली. हानने आधी गोळी झाडू नये हे १९७७ मध्ये ठरलंच नव्हतं. वीस वर्षांनी सुचलं.

कोपऱ्यातली_सीट

तात्यांनी फाळक्यांचं नाव घेतलं आणि पुढे गेले. मी तिथेच अडकलेय.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'ची जी थोडी रिळं उरली आहेत, ती १९१३ ची की १९१७ ची यावर अभ्यासकांचा वाद आहे. काहींच्या मते आपण शाळेपासून पुस्तकांत जी चित्रं 'भारताचा पहिला चित्रपट' म्हणून पाहिली, ती दुसऱ्या खेपेची आहेत. फाळक्यांना पुन्हा करायचा हक्क होताच, कोण नाही म्हणतंय? पण पहिली प्रत नीट जपली गेली नाही, म्हणून आज आपल्याला आपला पहिला चित्रपट नक्की कसा दिसायचा हे छातीठोक सांगता येत नाही. २००३ च्या आगीत पुण्यातली झटकन पेट घेणारी जुनी नायट्रेट रिळं जळाली, त्यानंतर तर अशा किती प्रश्नांची उत्तरं गेली. ज्या शहरात हे घडलं तिथल्या तुमच्यासारख्या माणसाने 'बापाने पोराचं नाव बदललं' म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

लुकासच्या बाबतीतही प्रकरण नुसतं बाजारात ठेवण्या-न ठेवण्याचं नव्हतं. १९९७ साठी मूळ निगेटिव्ह साफ केली आणि तिच्यातच नवे शॉट्स जोडले. जुनी आवृत्ती हवी असेल तर काढलेले तुकडे शोधून पुन्हा लावा, नाहीतर जुन्या प्रतींवरून उभी करा.

तिरकस_तात्या

फाळक्यांकडे पैसे नव्हते, गोदाम नव्हतं, जपून ठेवायची कल्पनाच तेव्हा नव्हती. लुकासकडे सगळं होतं. त्यामुळे तुलना लंगडी. पण निगेटिव्हचा मुद्दा नोंदवून ठेवतो.

हक्काच्या मुद्द्यावर मात्र मी हलणार नाही. नटाने, संकलकाने काम केलं म्हणून प्रत्येकाला नकाराधिकार दिलात, तर कुठल्याच चित्रपटाची डागडुजी होणार नाही.

एडिसनकर

हक्क म्हणजे नेमका कुणाचा, तात्या? ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने बदललेल्या सुखान्तासह पुन्हा लावली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर निषेध केला. इरॉस या कंपनीकडे मालकी होती, त्यांनी केलं. लुकासच्या बाबतीत दिग्दर्शक आणि मालक एकच होता, म्हणून तुम्हाला तो हक्क कलाकाराचा वाटतोय. २०१२ मध्ये त्याने चार अब्ज डॉलरला कंपनी डिस्नेला विकली. आता उद्या डिस्नेने हानच्या हातातलं पिस्तूलच काढलं तर?

तिरकस_तात्या

तर मी डिस्नेला शिव्या घालीन, लुकासला नाही. माझा मुद्दा तिथेच आहे.

मनवा_डोंबिवली

जुन्या पस्तीस एमएम प्रतींवरून चाहत्यांनी स्कॅन करून केलेली 'फोर-के-सेव्हन्टी-सेव्हन' आहे ना? बघा की ती. अर्थात पायरसी आहे, पण इथल्या कट्टर मंडळींच्या हार्ड डिस्कमध्ये ती नसेल यावर माझा विश्वास नाही.

आणि लुकासफिल्मने जाहीर केलंय की पन्नास वर्षांच्या निमित्ताने २०२७ मध्ये १९७७ चीच आवृत्ती दुरुस्त करून थिएटरात आणणार. म्हणजे तुमचं भांडण तुम्ही जिंकलात. आता माझं ऐका. उद्या हीच प्रत 'खरी' म्हणून सगळीकडे लागली आणि माझी १९९७ ची गायब झाली, तर तिच्यासाठीही धागा काढणार का? की तेव्हा 'बरं झालं गेली' म्हणणार?

रीळवेडा

काढणार. शेपटीवरून चालणाऱ्या फोर्डसकट.

खारी_बिस्किट

आणि मॅक्लंकी?

रीळवेडा

मॅक्लंकीसुद्धा. नाइलाज आहे.