आततायी कोण? घरात शिरलेला, की त्याला मारणारा?

प्रश्न

एका फौजदारी निकालाचा मराठी गोषवारा लिहिते आहे. रात्री घरात शिरलेल्या माणसाला घरातल्याने काठीने मारलं, त्यात तो मेला. घरातल्याने मर्यादा ओलांडली का, एवढाच वाद. मी तीन ठिकाणी अडले आहे. स्वसंरक्षण, आत्मसंरक्षण, खाजगी संरक्षण, खाजगी बचाव असे चार शब्द दिसतात, त्यातला कुठला घ्यावा? ‘प्राणघातक बळ’ मराठीत चालेल का? आणि एका जुन्या टिपणात शिरणाऱ्याला ‘आततायी’ म्हटलंय. मी तर आततायी म्हणजे अविचाराने टोकाला जाणारा असंच समजत आले. मग तो शब्द घरातल्यालाच जास्त लागू पडेल ना?

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली त्यात आहे.

आततायी हा शब्द ‘आतत’वरून आला. तन् म्हणजे ताणणे, आतत म्हणजे ताणलेले. दोरी ताणलेलं धनुष्य घेऊन जो अंगावर चालून येतो तो आततायी. धर्मशास्त्रांत असे सहा जण सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, हातात शस्त्र घेऊन आलेला, धन लुटणारा, जमीन बळकावणारा आणि बायको पळवणारा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा माणसाला, मग तो गुरू असो, म्हातारा असो, विचार न करता मारावं असं म्हटलंय. त्या श्लोकात ‘आयान्तम्’ असा एक शब्द आहे, त्याच्यावरून डोळे पुढे सरकू देऊ नका. आयान्तम् म्हणजे चालून येत असलेला. येऊन गेलेला नव्हे, उद्या येईल असं वाटणारा नव्हे. धनुष्य या क्षणी ताणलेलं हवं. आजच्या कायद्याची सगळी इमारत याच वर्तमानकाळावर उभी आहे.

गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो की या आततायींना मारूनही आपल्याला पापच लागेल. म्हणजे मारायची मुभा होती तेव्हाही मनातला खटका होताच.

आता मराठीत काय झालं बघा. श्लोकातलं ‘विचार न करता’ हे मारणाऱ्याला, म्हणजे बचाव करणाऱ्याला उद्देशून आहे. आपण मात्र अविचार हाच आततायीचा अर्थ करून बसलो. ‘आततायीपणा करू नकोस’ असं आपण रागाच्या भरात टोकाला निघालेल्या माणसाला सांगतो. तो हल्लेखोर असायलाच हवा असं नाही, अन्याय झालेलाही असू शकतो. तेव्हा गोषवाऱ्यात हा शब्द अजिबात नको. निम्मे वाचक त्याचा उलटा अर्थ घेतील. ‘घुसखोर’ही टाळा, तो ऐकला की सीमा डोळ्यांपुढे येते. सरळ ‘घरात शिरलेला’ म्हणा.

चार शब्दांबद्दल. स्व आणि आत्म हे दोन्ही कायद्याच्या मानाने तोकडे पडतात. भारतीय कायद्यात हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही, दुसऱ्याच्या शरीरासाठीही आहे, आणि मालमत्तेसाठीही, मग ती आपली असो की परक्याची. शेजारणीच्या घरात कोणी शिरलं आणि तुम्ही धावलात, तर ते स्वसंरक्षण कसं? ‘खाजगी’ इथे ‘सरकारी’च्या विरुद्ध अर्थी आहे: जे काम एरवी पोलिसांचं, ते नाइलाजाने खाजगी माणसाने केलं. ‘बचाव’ची अडचण वेगळी. कोर्टात बचाव पक्ष असतो, बचावाचे साक्षीदार असतात, त्यामुळे ‘बचावाचा हक्क’ म्हणजे वकील देण्याचा हक्क असं वाटू शकतं. मी ‘खाजगी संरक्षणाचा हक्क’ लिहीन. बातमीत ‘स्वसंरक्षण’ चालेल, निकालाच्या गोषवाऱ्यात नाही.

आणि ‘प्राणघातक बळ’. शब्द बरोबर आहे, पण आपल्या कायद्याची घडण तशी नाही. तिकडे अमेरिकेत बळाचे प्रकार पाडतात, साधं आणि प्राणघातक. आपल्याकडे हक्काची लांबी मोजतात: हा हक्क मृत्यू घडवून आणण्यापर्यंत कधी पोचतो? माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात वजनदार मराठी शब्द ‘पर्यंत’ आहे, आणि भाषांतरात नेमका तोच गळतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमं 34 ते 44 आहेत, जुन्या दंड संहितेत 96 ते 106 होती. मालमत्तेसाठी हक्क मृत्यूपर्यंत कधी जातो ते कलम 41 सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, माणसं राहतात किंवा माल ठेवतात अशा जागेला आग लावणं किंवा ती स्फोटकांनी उडवणं, आणि चोरी, आगळीक (मालमत्तेची नासधूस) किंवा गृहअतिक्रमण (घरात बेकायदा शिरणं) असं, की त्यात हक्क वापरला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी धास्ती वाटावी. नुसती चोरी असेल तर हक्क आहे, पण मृत्यूपर्यंत नाही. कपाटातले दागिने जाताहेत एवढ्यावर जीव घेता येत नाही. या सगळ्यांवर कलम 37 चा लगाम आहे: संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही.

‘वाजवी’ शब्दावर काहींचा आक्षेप असतो, बाजारभावासारखी भीती वाजवी कशी म्हणायची? मला तो शब्द आवडतो. त्यात मोजमाप आहे. प्रसंगाला साजेल इतकी, साध्या माणसाला त्या जागी वाटली असती इतकी. आणि हे मोजमाप सोनाराच्या काट्यावर करायचं नसतं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. झोपेतून उठलेला, अंधारात उभा असलेला माणूस फटके मोजून मारत नाही.

आणखी एक उत्तर

‘घरफोडी’वर थोडं. आपल्याला वाटतं काहीतरी फोडलं पाहिजे, भिंत, कडी, कौल. कायद्यात घरात शिरण्याचे किंवा बाहेर पडण्याचे सहा प्रकार घरफोडीत मोडतात, आणि त्यांत नुसतं कुलूप उघडणंही येतं, माणसाच्या जाण्यायेण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणंही येतं. काचेला तडाही न जाता घरफोडी होते. उलट सताड उघड्या दारातून आलेला गृहअतिक्रमण करतो, घरफोडी नाही. तेव्हा गोषवाऱ्यात ‘दार न फोडता घरफोडी केली’ असं आलं तर ती चूक समजून खोडू नका.

रात्रीचा भेदही फार जुना आहे. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात रात्रीच्या चोराला मारलं तर दोष नव्हता. दिवसाचा चोर शस्त्राने प्रतिकार करत असेल तरच. बायबलच्या निर्गम पुस्तकातही तेच, सूर्य उगवल्यावर मारलं तर रक्ताचा दोष लागतो. अंधारात समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही आणि मदतीला कोणी चटकन येत नाही. आपल्या जुन्या संहितेत ‘रात्रीची घरफोडी’ म्हणत, नव्यात सूर्यास्त-सूर्योदय सरळ लिहिलंय. अर्थ तोच.

आणि परदेशी कायद्यांतही ‘घर म्हणजे किल्ला’चा अर्थ ‘काहीही करा’ असा होत नाही. ते वचन 1604 च्या एका इंग्रजी निकालातलं. इंग्लंडने 2013 मध्ये घरातल्या माणसाला जास्त सवलत दिली, तरी ‘घोर विषम’, म्हणजे धोक्याच्या मानाने फारच जास्त, बळाला मुभा नाहीच. अमेरिकेतल्या फ्लोरिडाने 2005 मध्ये मागे हटण्याचं कर्तव्य (शक्य असेल तर आधी निसटावं, हे बंधन) काढून टाकलं, ती दुसऱ्या टोकाची मांडणी. जर्मन दंड संहितेचं कलम 33 मात्र शब्दांची आवड असणाऱ्यांनी बघावंच: गोंधळ, भीती किंवा धसका यांमुळे हद्द ओलांडली तर शिक्षा नाही. रागाने किंवा सूडाने ओलांडली तर त्या कलमाचा आधार नाही. भीतीच्या छटांना कायद्यात जागा मिळालेली आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला 1971 चा एक निकालही याच संदर्भात आठवतो. कोणी राहत नसलेल्या शेतघरात मालकाने दार उघडताच उडेल अशी बंदूक बांधून ठेवली होती. जुन्या बाटल्या-बरण्या उचलायला शिरलेल्याचा पाय त्यात गेल्यासारखाच झाला, आणि मालकाला 30,000 डॉलर भरपाई द्यावी लागली. त्या घरात कोणाचाच जीव धोक्यात नव्हता. बंदुकीला कसली आली धास्ती? तिथे ‘संरक्षण’ हा शब्दच लागत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘पर्यंत’ तर मी खरंच दोनदा गाळला होता. आता एक वाक्य अडतंय. मी लिहिलंय: ‘घरातल्याने त्याला खाजगी संरक्षणार्थ मारलं.’ बरोबर आहे का?

पहिले उत्तरदाते

या वाक्यातला धोका ‘मारलं’मध्ये आहे. मराठीत मारणं म्हणजे फटका देणंही आणि जीव घेणंही. बोलताना आपण स्वराने किंवा पुढच्या शब्दाने भेद करतो, मारलं, मारून टाकलं, ठार केलं. लिहिताना तो बुडतो. कोर्टाला तर नेमका तोच भेद करायचा असतो: कुठला फटका संरक्षणाचा आणि कुठला त्यानंतरचा.

खोलीत उभे आहात असं समजा. खिडकीतून कोणीतरी आत उतरलं, हातात लोखंडी काहीतरी चमकलं, तुम्ही दारामागची काठी उचलून मारली. तो कोलमडला, हातातलं खणकन पडलं. इथे धनुष्य सैल झालं. रात्रीच्या घरफोडीत गृहअतिक्रमण चालू असेपर्यंत हक्क चालू राहतो असं कायदा म्हणतो, आणि पडलेला माणूस अजून घरातच आहे हेही खरं. पण ‘लागेल त्याहून जास्त इजा नको’ हा लगाम सुटलेला नाही. पडलेल्यावर घातलेला पुढचा घाव कशासाठी होता, हे घरातल्याला सांगावं लागेल. पुरावा त्याने द्यायचा असतो, पण संशयाला जागाच उरू नये इतका कडक नाही; शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूने झुकलं तरी पुरतं. आणि हद्द ओलांडली पण चांगल्या विश्वासाने, आधीपासूनची योजना नसताना, लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हेतू नसताना, असं ठरलं तर तो खून नव्हे, खुनाहून सौम्य असा सदोष मनुष्यवध. या दोन शब्दांत माणसाच्या आयुष्याची वर्षं असतात, म्हणून गोषवाऱ्यात ते अदलाबदल करून वापरू नका. मी फार तळमळीने सांगतोय, कारण बातम्यांत सर्रास तसं होतं.

तुमच्या निकालात जखमा किती आहेत आणि कुठे?

प्रश्नकर्ती

आत्ता पुन्हा काढून पाहिलं. दोन. पहिली कपाळावर डावीकडे. दुसरी मानेच्या मागच्या बाजूला, आणि शवविच्छेदनानुसार मृत्यू दुसरीने झाला.

पहिले उत्तरदाते

मग एका वाक्यात भागणार नाही, दोन करा. ‘घरात शिरलेला समोरून चालून येत असताना घरातल्याने त्याच्या कपाळावर काठी मारली. त्यानंतर मानेच्या मागच्या बाजूला दुसरा घाव बसला आणि त्याने तो मरण पावला.’ ‘खाजगी संरक्षणार्थ’ हे शब्द या दोन्ही वाक्यांत घालू नका. ते कुठल्या घावाला लावायचे हे न्यायाधीशांनी कुठल्या परिच्छेदात ठरवलंय ते शोधा आणि तिथेच ठेवा.